ज्यू धर्म आणि त्याची भूमी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या मराठी भाषिक ज्यू समाजाची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : जवळजवळ दोन हजार वर्षे जगभर विखुरलेल्या ज्यू लोकांनी आपल्या मूळ भूमीशी नाते टिकवले, ते कशाच्या बळावर? त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ज्यू धर्माचे नियम जगात सर्वत्र सारखेच पाळले जातात, की काही नियम इस्रायलच्या भूमीपुरतेच आहेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रश्न आरंभीच घेतला आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे याच्याच आधारे द्यावी लागतील. ज्यू परंपरेनुसार तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, एकूण ६१३ आज्ञा आहेत. त्यांपैकी २४८ विधी सांगणाऱ्या आणि ३६५ निषेध सांगणाऱ्या. धर्मशास्त्रकारांनी या आज्ञांची एक विभागणी केली, ती समजून घेण्यासारखी आहे. काही आज्ञा माणसाला बांधलेल्या आहेत. शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, मुलाची सुंता, काय खावे आणि काय खाऊ नये याचे नियम, दिवसातून तीन वेळा करावयाची प्रार्थना, हे सारे माणूस जाईल तेथे त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या काही आज्ञा मात्र जमिनीला बांधलेल्या आहेत आणि त्या मुळात इस्रायलच्या भूमीतच लागू होतात. पिकाचा ठरावीक वाटा पुरोहित, लेवी (मंदिराची सेवा करणारे कूळ) आणि गरीब यांच्यासाठी बाजूला काढणे, लावलेल्या झाडाची पहिल्या तीन वर्षांतील फळे न खाणे (हा एक नियम काही प्रमाणात बाहेरही पाळला जातो), कापणीच्या वेळी शेताचा एक कोपरा गरिबांसाठी उभा ठेवणे, हातातून गळलेली कणसे पुन्हा न उचलणे आणि सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देणे, हे त्यांतील ठळक नियम होत.

या नियमांमागे केवढी माणुसकी होती, हे पाहायचे असेल तर रूथची कथा वाचावी. मवाबी कुळातली ही विधवा स्त्री आपल्या वृद्ध सासूला घेऊन बेथलेहेमला येते आणि बोआज नावाच्या जमीनदाराच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून जाऊन गळलेली जवाची कणसे वेचते. ती परकी आहे, पण वेचण्याचा तिचा अधिकार कोणी नाकारत नाही, कारण तो कोणाच्या उपकाराने नव्हे, कायद्याने दिलेला आहे. शावुओथ या गव्हाच्या कापणीच्या सणाला अनेक सिनेगॉगांत (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत) आजही हीच कथा वाचली जाते.

इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी (म्हणजे धर्मगुरू) यहूदा हानासी यांनी तोंडी परंपरेचे संकलन केले, त्या मिश्नेचा पहिला विभागच बी-बियाणे आणि शेती यांविषयीचा आहे. त्यावर भूमीत राहणाऱ्या पंडितांनी जी चर्चा केली ती जेरुसलेमच्या तालमुदात सविस्तर आहे. बॅबिलोनच्या तालमुदात मात्र त्या विभागातील आशीर्वाद आणि प्रार्थनांचे एक प्रकरण वगळता शेतीच्या प्रकरणांवर स्वतंत्र भाष्य नाही. बॅबिलोनमधील ज्यूंना ते नियम पाळावे लागत नव्हते. आमच्या मते या धर्माच्या चिवटपणाचे रहस्य या विभागणीत आहे. माणसाला बांधलेल्या आज्ञांनी समाज परदेशात जगवला, आणि जमिनीला बांधलेल्या आज्ञा पाळता येत नसूनही अभ्यासात राहिल्यामुळे आपण कोठून आलो याचा विसर पडला नाही. पोलंडमधला किंवा येमेनमधला मुलगा ज्या शेताचा तो कधी मालक होणार नव्हता, त्याच्या कोपऱ्याचे माप पाठ करीत असे.

प्रश्न : सातव्या वर्षी शेती बंद ठेवण्याचा नियम आजही पाळतात, असे वाचनात आले. आम्ही द्राक्षबागायतदार आहोत. एक वर्ष छाटणी चुकली तर बाग हातची जाते. मग हे शक्य कसे होते? (एक शेतकरी वाचक, तासगाव)

उत्तर : आपण छाटणीचा उल्लेख केला हे विशेष, कारण तोरातील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात पेरणीबरोबर द्राक्षमळ्याच्या छाटणीचे नाव घेऊनच मनाई केलेली आहे. सहा वर्षे शेत पेरावे आणि मळा छाटावा. सातवे वर्ष जमिनीचा शब्बाथ. त्या वर्षी आपोआप जे उगवेल ते मालकाने कोठारात भरायचे नाही. ते मालक, नोकर, मजूर, परका, गुरेढोरे आणि रानातले पशू या सर्वांचे. या वर्षाला शमिटा म्हणतात.

आज्ञेचे कारण त्याच अध्यायात स्पष्ट दिले आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही त्याच्याकडे उपरे म्हणून राहत आहात. म्हणजे ज्यांना ही भूमी देऊ केली त्यांनाही तोराने मालक म्हटलेले नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ते कूळ आहेत, आणि अटी मोडल्या तर कूळ जमिनीवरून जाऊ शकते. पुढच्याच अध्यायात इशारा आहे की, तुम्ही जमिनीला विश्रांती दिली नाहीत तर तुम्ही परदेशी जाल आणि तुमच्यामागे ती आपली राहिलेली विश्रांती भरून काढील. इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम आणि तेथले पहिले मंदिर पाडले, तेव्हा त्या निर्वासनाचा अर्थ बायबलमधील इतिहासग्रंथाच्या कर्त्याने याच शब्दांत लावला. भूमीवरील प्रेमाची कवने अनेक समाजांत आहेत. आपल्याच पूर्वजांनी जमिनीचे हक्क बुडवले म्हणून आपण घर गमावले, असे धर्मग्रंथात लिहून ठेवणारा आणि ते दरवर्षी मोठ्याने वाचणारा समाज विरळा.

हा नियम प्राचीन काळी खरोखर पाळला जात होता, याचे पुरावे बाहेरूनही मिळतात. बेथ-सूरच्या वेढ्यात सातव्या वर्षामुळे धान्य नव्हते आणि रक्षकांना शरण जावे लागले, असे मक्काबींच्या, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक सत्तेविरुद्ध उठलेल्या ज्यू घराण्याच्या, इतिहासात नमूद आहे. ज्युलियस सीझरने ज्यूंवरील कर ठरवताना सातवे वर्ष वगळले होते, हे इतिहासकार जोसेफसने नोंदवले आहे.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. धर्मशास्त्राने पीक वाढवण्यासाठी केलेले काम आणि झाड मरू नये म्हणून केलेले काम यांत भेद केला. दुसऱ्या प्रकारच्या कामाला, म्हणजे जगण्यापुरते पाणी देणे किंवा झाड वाचवण्यासाठी आवश्यक तेवढी निगा राखणे याला परवानगी आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पेताह तिक्वा आणि रिशोन लेत्सियोन यांसारख्या नव्या वसाहतींतले शेतकरी जेव्हा १८८८-८९ च्या शमिटा वर्षाला सामोरे गेले, तेव्हा प्रश्न जगण्या-मरण्याचा झाला. पूर्व युरोपातील काही मोठ्या रब्बींनी, ज्यांत कोव्हनोचे रब्बी इत्सहाक एल्खानान स्पेक्टर प्रमुख होते, असा तोडगा काढला की त्या वर्षापुरती जमीन ज्यू नसलेल्या शेजाऱ्याला रीतसर विकावी. जेरुसलेममधील रब्बींनी याला कडाडून विरोध केला. पुढे १९०९-१० च्या शमिटा वर्षात याफाचे रब्बी अब्राहम इत्सहाक कुक यांनी या विक्रीला शास्त्राधार देणारा विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार असा की, बहुसंख्य ज्यू भूमीत राहत नसताना शमिटाची आज्ञा तोराच्या पूर्ण बळाने नव्हे, तर रब्बींच्या नियमाने लागू होते, म्हणून संकटात सवलत देता येते. वाद आजही मिटलेला नाही. काही कुटुंबे विक्रीची सवलत मानतात. काही जण धर्मन्यायालयाच्या देखरेखीखाली वाटलेली फळे घेतात, जिथे फळाची किंमत न लावता तोडणी आणि वाहतुकीचा खर्च तेवढा आकारला जातो. काही जण आयात माल किंवा अरब शेतकऱ्यांचा भाजीपाला घेतात.

शमिटा फळाची पवित्रता घरात कशी पाळली जाते, हे पाहण्यासारखे आहे. ते फळ वाया घालवायचे नाही. संत्र्याची साल किंवा खाण्याजोगी उरलेली फोड नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही. धार्मिक घरांत त्या वर्षी ओट्याखाली एक वेगळा डबा येतो. साले त्यात साठतात, ती सडून खाण्यालायक राहिली नाहीत की मगच कचऱ्यात जातात. शहरातल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि शेताशी काही संबंध नसलेल्या गृहिणीलाही वर्षभर रोज जमिनीची आठवण ठेवावी लागते.

शमिटाची एक बाजू कर्जाचीही आहे, ती थोडक्यात सांगतो. सातव्या वर्षाच्या अखेरीस कर्जे माफ व्हावीत, अशी आज्ञा आहे. वर्ष जवळ आले की श्रीमंत लोक गरिबांना उसने देईनासे झाले, तेव्हा इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील हिल्लेल या आचार्यांनी कर्ज न्यायालयाकडे सोपवण्याचा प्रोझबुल नावाचा दस्तऐवज सुरू केला, जेणेकरून येणे बुडणार नाही आणि गरिबाला उसने मिळणे थांबणार नाही. मागचे शमिटा वर्ष सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ असे झाले. पुढचे सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल.

प्रश्न : ज्यू पंचांग चांद्र आहे की सौर? त्यांचे सण दरवर्षी वेगळ्या तारखांना का येतात? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या पंचांगाप्रमाणेच ते चांद्र-सौर आहे. महिने चंद्राचे, पण १९ वर्षांत ७ वेळा एक महिना अधिक धरून ते सूर्याशी जुळवून घेतले जाते. जुळवणीचे कारण धार्मिक आणि शेतीचे आहे : इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेचा पेसाह हा सण वसंत ऋतूतच, जव तयार होत असतानाच आला पाहिजे, अशी तोराची आज्ञा आहे. कोणत्या देशाचा वसंत? अर्थातच इस्रायलच्या भूमीचा. त्यामुळे दक्षिण गोलार्धात, मेलबर्नमध्ये पानगळ चालू असताना तेथील ज्यू कुटुंब वसंताचा सण साजरा करते आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

याहून बोलका आहे पावसाच्या प्रार्थनेचा नियम. त्या भूमीत नाईलसारखी मोठी नदी नाही. तोरातील 'अनुवाद' नावाचा ग्रंथ सांगतो की इजिप्तमध्ये शेताला पाणी माणसाने द्यायचे असते, पण ही भूमी आकाशातले पाणी पिते. लोकांनी आज्ञा पाळल्या तर पहिला आणि शेवटचा पाऊस वेळेवर पडेल. हाच उतारा शमा या मुख्य प्रार्थनेचा भाग म्हणून धार्मिक ज्यू रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पावसाची मागणी शरदातील सणांनंतर सुरू होऊन पेसाहपर्यंत चालते. इस्रायलमध्ये ती हेश्वान महिन्याच्या सप्तमीला सुरू होते. ही तिथी का? सुक्कोथ या शरदातील सणाच्या यात्रेला जेरुसलेमला आलेला बॅबिलोनचा यात्रेकरू पंधरा दिवसांत फुरात नदीपर्यंत पोहोचावा आणि वाटेत त्याला पावसाने गाठू नये, म्हणून. जेरुसलेमचे मंदिर गेले, पायी यात्रा थांबली, तरी त्या वाटसरूसाठी ठेवलेली सवड कोणी रद्द केलेली नाही.

भूमीबाहेरच्या ज्यूंनी बॅबिलोनची जुनी रीत स्वीकारली आणि त्यानुसार ते हल्ली ४ डिसेंबरच्या (काही वर्षी ५ डिसेंबरच्या) संध्याकाळपासून पाऊस मागतात. आपण रत्नागिरीच्या असल्याने सांगतो : डिसेंबरात पाऊस आला तर आंब्याचा मोहोर गळतो, आणि कोकणात त्या दिवसांत पाऊस मागणारा शेतकरी सापडणार नाही. स्थानिक गरजेप्रमाणे हा काळ बदलावा, असे मध्ययुगात स्पेनमध्ये रब्बी आशेर यांच्यासारख्या थोर धर्मशास्त्र्याने सुचवून पाहिले, पण ते रूढ झाले नाही. आपल्या गावासाठी पाऊस हवा असेल तर तो वैयक्तिक मागणीत मागावा. सामुदायिक प्रार्थनेचा ऋतू मात्र त्या दूरच्या प्रदेशाचाच राहिला.

पंचांगाचीच आणखी एक खूण म्हणजे दुसरा दिवस. पूर्वी जेरुसलेममध्ये साक्षीदारांनी नवा चंद्र पाहिल्यावर महिना जाहीर होई आणि निरोप घेऊन जासूद निघत. दूरच्या गावांना निरोप वेळेत न पोहोचल्याने ते सण दोन दिवस पाळत. गणिती पंचांग आल्यावर शंका उरली नाही, तरी भूमीबाहेर पेसाह आठ दिवसांचा आणि भूमीत सात दिवसांचाच आहे.

प्रश्न : मंदिरच नष्ट झाल्यावर यज्ञ आणि पुरोहित यांवर उभा असलेला धर्म संपला कसा नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने दुसरे मंदिर जाळले, तेव्हा हाच प्रश्न तेथल्या लोकांपुढे होता. तालमुदातील एक प्रसंग त्याचे उत्तर देतो. मंदिर पडल्यावर अनेकांनी मांस आणि द्राक्षरस वर्ज्य केला. रब्बी यहोशुआ यांनी त्यांना विचारले, का खात नाही? ते म्हणाले, ज्या मांसाचे बली वेदीवर जात होते ते आता बंद, ज्या द्राक्षरसाचे अर्घ्य होते ते बंद. मग आम्ही ते कसे घ्यावे? रब्बी म्हणाले, तर मग भाकरीही नको, कारण धान्याचे अर्पणही थांबले. ते म्हणाले, फळांवर राहू. फळेही नकोत, प्रथमफळांचे अर्पणही थांबले. ज्या फळांचे अर्पण नसे, ती खाऊ. मग पाणीही नको, कारण पाण्याचे अर्घ्यही थांबले आहे. यावर ते निरुत्तर झाले. तेव्हा रब्बींनी सांगितले की, अजिबात शोक न करणे शक्य नाही आणि अतिशोक करणेही शक्य नाही. म्हणून घराला गिलावा करावा, पण थोडी जागा सोडावी.

ही सोडलेली जागा म्हणजे दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद असा गिलावा न केलेला चौकोन. अनेक धार्मिक घरांत तो आजही दिसतो. पुरोहितांची जागा पंडितांनी घेतली, बलींची जागा प्रार्थनेने घेतली, आणि योहानान बेन झक्काई यांनी यावने येथे विद्येचे केंद्र उभे केले, हा इतिहास सर्वत्र वाचायला मिळतो. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते शोकाला घातलेले हे माप. लग्नात वर पायाखाली पेला फोडतो. आव महिन्याच्या नवमीला, दोन्ही मंदिरांच्या नाशाच्या दिवशी, लोक उपास करतात, चामड्याची पादत्राणे घालत नाहीत, जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून विलापगीते वाचतात. भाकरीच्या जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेत पहिला आशीर्वाद अन्नासाठी, दुसरा भूमीसाठी आणि तिसरा जेरुसलेमच्या पुनर्बांधणीसाठी आहे.

पेसाहच्या रात्रीचा मुख्य पाठही मुळात शेतकऱ्याचा आहे. मिश्नेत प्रथमफळांच्या यात्रेचे वर्णन आहे : अंजीर पहिल्यांदा पिकताना दिसले की मालकाने त्याला गवताची दोरी बांधून खूण करायची; मग गावोगावचे लोक एकत्र निघायचे, पुढे सोन्याने मढवलेल्या शिंगांचा बैल, त्याच्या डोक्यावर ऑलिव्हचा मुकुट, आणि शहरापर्यंत बासरी. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्या-रुप्याच्या, गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या. मंदिरात टोपली खांद्यावर घेऊन शेतकरी आपल्या भटक्या पूर्वजांची आणि इजिप्तमधून सुटकेची कथा म्हणायचा. मंदिर गेल्यावर तीच वाक्ये घरातल्या जेवणाच्या मेजावर आली. मात्र त्या उताऱ्याच्या अखेरीस 'देवाने आम्हाला या ठिकाणी आणले' असे जे वाक्य येते, त्याचे विवरण पारंपरिक हगादामध्ये, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीत, केले जात नाही. त्याऐवजी रात्र संपते ती 'पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये' या शब्दांनी.

प्रश्न : मग प्रत्येक धार्मिक ज्यू आजच्या इस्रायल राज्याच्या धोरणांचा समर्थक असतो, असे समजायचे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : नाही. भूमीशी असलेले धार्मिक नाते आणि राज्याविषयीचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यूंमध्ये दुसऱ्या गोष्टीवर प्रारंभापासून मतभेद आहेत. थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये बासेल येथे पहिली झायनवादी (ज्यूंना त्यांच्या भूमीत राष्ट्रीय घर मिळावे असे मानणाऱ्यांची) परिषद भरवली, तेव्हा अनेक सनातनी रब्बी विरोधात होते. मसीहा, म्हणजे अपेक्षित तारणहार, येण्यापूर्वी बळाने सामुदायिकरीत्या परत जाऊ नये, असा तालमुदातील एका उताऱ्याचा अर्थ ते लावत, आणि सात्मार हा सनातनी पंथ आजही तो लावतो. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्ग येथे जाहीर केले होते की आम्ही आता राष्ट्र नसून धर्मसमुदाय आहोत आणि पॅलेस्टाइनला परतण्याची अपेक्षा ठेवत नाही. १९३७ मध्ये कोलंबस येथे त्यांच्याच परंपरेने ती भूमिका बदलली. रब्बी कुक यांना शब्बाथही न पाळणाऱ्या तरुण वसाहतकारांच्या श्रमांत ईश्वरी योजना दिसली. हे सर्व एकाच धर्माचे लोक होते.

१९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरे सोडून गेले किंवा घालवले गेले, आणि त्या भूमीशी मुसलमानांचे व ख्रिस्ती लोकांचे नातेही शतकानुशतकांचे आहे, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. आजच्या सीमांचा निवाडा प्राचीन ग्रंथांतून काढणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्या ग्रंथांतही सीमा एकच नाहीत : शमिटाच्या नियमासाठी मिश्ना इजिप्तमधून आलेल्यांनी व्यापलेला प्रदेश आणि बॅबिलोनहून परतलेल्यांनी वसवलेला प्रदेश यांत फरक करते, आणि दोहोंना वेगवेगळे नियम लावते.

प्रश्न : कोकणात बेने इस्रायलींचा कधी छळ झाला नाही. मग ते निघून का गेले? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : छळ झाला नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, आणि ग्रंथ समुद्रात गेल्याने आठवणीत उरले तेवढे पाळत राहिले : शब्बाथ, सुंता, खाद्यनियम, 'शमा इस्रायल'. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. सणांची नावेही मराठी झाली. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा नव्याचा सण, दार लावून दिवसभर उपास करण्याचा योम किप्पूर हा दारफळणीचा सण, आणि आवच्या नवमीचा दुखवटा हा बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे होई. मक्काबींच्या विजयानंतर सुरू झालेला हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता, आणि पूर्वज तो सण सुरू होण्याआधीच निघाले असावेत, असा तर्क समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी त्यावरून केला.

या समाजाने परंपरेतल्या भूमीला कोकणात एक जागा करून दिली. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, हा ज्यू श्रद्धेनुसार मसीहाच्या आगमनाची वार्ता आणणारा. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे येथे टेकला, असे बेने इस्रायल मानतात आणि त्या खडकाला एलियाहू हन्नबीचा टापा म्हणतात. शेवाट महिन्याची पौर्णिमा ही मूळ भूमीत फळझाडांचे वर्ष मोजण्याची तिथी; त्याच दिवशी येथे एलियाहूचा उरूस भरत असे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा ताटात मांडून त्याच्या नावाने जे आशीर्वाद म्हणतात, ते ठराविक हिब्रू आशीर्वाद आहेत. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या हगादामध्ये हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया पेसाहची बेखमीर भाकरी करताना दिसतात. 'पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये' हे वाक्य त्या घरांत मराठीतही समजून म्हटले जाई.

म्हणून १९४८ नंतर जे गेले, त्यांतील अनेकांच्या मनात ते वाक्य होते. ब्रिटिश गेल्यावर नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता आणि आधी गेलेल्या नातेवाइकांची ओढ, हीसुद्धा कारणे होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, ती आता काही हजारांवर आली आहे. तिकडे गेल्यावर मात्र एक घाव बसला. शतकानुशतके वेगळे राहिल्याने त्यांच्या घटस्फोटांच्या आणि विवाहांच्या रीतींविषयी शंका घेऊन १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्या लोकांनी ग्रंथावाचून शब्बाथ टिकवला, त्यांना आपण ज्यू असल्याचे सिद्ध करायला सांगणे अन्यायाचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. आज दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद आणि रामले येथे त्यांची मोठी वस्ती आहे; 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालवले.

प्रश्न : महाराष्ट्रातील सिनेगॉग बाहेरच्यांना पाहता येतात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येतात, पण आधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी आणि सुरक्षेच्या कारणाने ओळखपत्र जवळ ठेवावे. मुंबईत मशीद बंदरजवळ १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी उभारलेले शाआर हारहामीम हे सर्वांत जुने आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेले, लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड आहे, आणि अलिबागला मागेन अबोथ. पुरुषांनी डोके झाकावे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत छायाचित्रे काढू नयेत आणि मोबाइल बाहेर ठेवावा. पवित्र ग्रंथांची पेटी कोणत्या भिंतीला आहे, हे अवश्य पाहावे : जगातील सिनेगॉगांच्या रीतीनुसार ती जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, असते.